पाणी सुटेपर्यंत

पडदा वर जातो तेव्हा समोर नदी आहे. मागे डोंगर, डोंगरावर धुकं, आणि धुक्यात कमरेपर्यंत बुडालेलं जुनं देऊळ. उजव्या हाताला निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. त्यांत सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं पायाशी टाकत बसलेले प्रेक्षक. डाव्या हाताला ढोलवाले, हातांवर फुंकर मारताहेत. पितरांची थडगी झाडायच्या सणाला, छिंगमिंगला, आमच्याकडे ऊन कितीही लख्ख पडो, नदीवरचा वारा बर्फावरूनच आलेला असतो. आणि मधोमध, पात्रात, या काठापासून त्या काठापर्यंत लाकडी तिकट्यांची रांग. तीन-तीन सोट शेंड्याला एकत्र बांधलेले, त्यांच्या पोटात गोट्यांनी भरलेले बांबूचे करंडे, पाठीला चटया आणि चिखल. रांगेच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं, खालच्या अंगाला कोरडे गोटे.

मधल्या तिकटीवर, दोराच्या गाठीशेजारी, एक म्हातारा पाय सोडून बसला आहे. अंगात जुन्या पाटकऱ्यांची निळी कुडती, पायात गवताच्या वहाणा, तोंडात विझलेली चिलीम. तो लंग तासन. माझा गल्लीतला मित्र. ही गोष्ट त्याची आहे.

मी कुठे आहे म्हणाल तर चौथऱ्यावर. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या सुभेदाराने ही नदी डोंगराच्या पायथ्याशी दोन फाट्यांत वाटली आणि खालचं सगळं मैदान ओलिताखाली आणलं, त्याचं सोंग माझ्याकडे. काळी पंखांची टोपी, कमरेपर्यंत दाढी, आणि संवाद एकच: "पाणी सोडा." मी जिल्ह्याच्या नाटक मंडळीत उभं आयुष्य काढलं. एका दमात मुखवट्यामागून मुखवटे बदलायचो. पुढच्या रांगेतल्या बायका चहाच्या वाटीचं झाकण हातात धरून प्यायचं विसरायच्या. मंडळी बंद पडली, दात गेले, आवाज तेवढा शिल्लक राहिला. त्या आवाजावर नदीवरच्या या खेळात मला काम मिळालं. मी दोन शब्द उच्चारले की कुऱ्हाडीचे घाव पडतात, दोर तुटतो, काठावरचे गडी ओढ घेतात, तिकट्या एकेक करून कोलमडतात आणि पाणी डरकाळी फोडून निघतं. पोरं त्या पाण्याच्या तोंडावर गोटे मारत काठाने धावत सुटतात. बाया बाटल्या भरून घेतात. हे पहिलं पाणी डोळ्यांना लावलं की वर्षभर डोळे येत नाहीत, म्हणतात.

खरं तर हे सगळं सोंग आहे. नदी अडवतो तो वरच्या अंगाचा सिमेंटचा दरवाजा, बटण दाबलं की उघडणारा. आमच्या तिकट्या फक्त बघणाऱ्यांसाठी. पण तासन गाठ बांधायचा ती खऱ्या नदीला बांधायची तशी. मी एकदा म्हटलं, अरे, खेळ आहे, थोडी सैल राहिली तरी कोण बघतंय? तर म्हणाला, "तू दाढी सैल लावतोस का?"

लंगांच्या घरात तिकट्या बांधायचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. तासनचा बाप सगळ्या बांधणाऱ्यांचा म्होरक्या. आम्ही त्याला थोरले लंग म्हणायचो. तेव्हा सिमेंटचा दरवाजा नव्हता. दर हिवाळ्याला नदीचा एक फाटा तिकट्यांनी बंद करायचा, तळाचा गाळ उपसायचा, आणि छिंगमिंगला तिकट्या पाडून पाणी सोडायचं. किती खोल उपसायचं ते कळावं म्हणून जुन्या लोकांनी पात्राच्या तळात लोखंडी दांडे पुरून ठेवले आहेत. कुदळ दांड्यावर खणकन वाजली की पुरे. त्याआधीच हात आखडला तर मैदानाच्या पार शेवटाला, टेलच्या गावांना पाणी पोचत नाही.

या दांड्यापायी आमच्या गल्लीत एक रीत होती. नदी बंद झाल्यापासून दांडा लागेपर्यंत तिकटीवाल्याच्या घरात शोक करायचा नाही. कुणी गेलंच तर गुपचूप पुरायचं. डोक्याला पांढरं फडकं बांधायचं नाही, मोठ्यानं रडायचं नाही, आणि परगावच्या नातलगांना मरण काय, दुखणंही कळवायचं नाही, कारण ते रडतच येणार. रडणं नदीच्या कानावर गेलं तर ती तिकट्या ओढून नेते, असं मानत. सरकारी साहेबांनी या वेडगळपणाविरुद्ध कर्णे लावून भाषणं केली. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन पांढरं कापड पेटीच्या तळाशी सारायचे.

थोरल्या लंगांना दोन मुलं. एक तासन, आणि दुसरी त्याच्याहून लहान रुइफांग. आमच्याकडे घरातल्या शेंडेफळ मुलीला याओमेई म्हणतात. तिला सगळी गल्ली त्याच नावानं हाक मारायची. पाण्याच्या तोंडावर गोटे मारत धावायचं ते मुलग्यांनी, मुलींनी काठावर उभं राहून बघायचं. याओमेई धावायची. बाप तिकटीवरून ओरडायचा, आणि ओरडून झालं की तोंड फिरवून हसायचा. पुढे तिला दिली ती टेलच्या एका गावात, चालत गेलं तर दोन दिवसांच्या वाटेवर. सासरी निघताना ती रडायला लागली तेव्हा थोरले लंग म्हणाले, रडतेस कशाला, इथनं पाणी सुटलं की ते तुझ्या बांधाशीच येऊन थांबतंय. पाणी आलं की मी आलो असं समजायचं.

ती मात्र पाण्याची वाट बघत बसायची नाही. दर छिंगमिंगला स्वतःच माहेरी यायची, पाणी सुटताना बघायची, आणि मग पाण्याच्या मागोमाग परत जायची.

ज्या वर्षी म्होरक्याचा मान पहिल्यांदा तासनकडे आला, त्याच हिवाळ्यात नदी बंद झाल्यावर थोरले लंग छातीच्या दुखण्यानं पडले. दहा-बारा दिवस अंथरुणावर होते. गेले तेव्हा दांडा लागायचा होता. आम्ही मोजकी माणसं त्यांना देवळामागच्या उतारावर पुरून आलो. कुणी हूं की चूं केलं नाही. तासननं त्याच दुपारी जाऊन सुटलेली एक गाठ पुन्हा बांधली.

पुढे दांडा लागला. झांजा वाजल्या, दारू वाटली गेली. आता याओमेईकडे निरोप जाईल असं आम्ही सगळे धरून चाललो. गेला नाही. मी विचारलं तेव्हा तासन म्हणाला, ती पाणी सुटायला येईलच की, समोरासमोर सांगतो.

ती आली. लाल कुडती घालून आली. हातात भाताच्या काडीनं बांधलेली धुरावलेल्या मांसाची पट्टी, आणि बापासाठी स्वतः शिवलेले कापडी जोडे. तळव्याला चिंध्यांचे थर एकावर एक, त्यावर दाट टाके. हिवाळाभर शिवत बसली असणार. काठावर उभी राहून हसत म्हणाली, म्हातारा दिसत नाही कुठं, उतरवा त्याला तिकटीवरून, थंडी लागेल. बायका दुसरीकडे बघायला लागल्या. तिनं तिकटीवर बसलेल्या भावाकडे बघितलं.

"पाणी सुटू दे," तासन वरून म्हणाला. "मग सांगतो."

पाणी सुटलं. मग त्यानं सांगितलं. अंगात तीच लाल कुडती घेऊन ती उतारावर गेली. त्या उतारावर त्या दिवशी सगळी गल्ली आपापल्या पितरांची थडगी झाडत होती, आणि बापाच्या थडग्यापुढे ही एकटी नव्या नवरीसारखी लाल. खाली येऊन तिनं जोडे घराच्या उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाली की या नदीवर पुन्हा पाय ठेवणार नाही. शब्दाची पक्की. चाळीस वर्षं ठेवला नाही.

तासनचं आयुष्य पुढे कसं गेलं ते सांगण्यासारखं फार नाही. सिमेंटचा दरवाजा आला आणि तिकटीवाले घरी बसले. तो कामट्या काढून कोंबड्यांची खुराडी विणायचा, भाजीवाल्यांना टोपल्या करून द्यायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. जोडे त्यानं तेलकट कागदात गुंडाळून पेटीत ठेवले होते. दरवर्षी उन्हात घालायचा आणि परत ठेवायचा. बहिणीकडे जायचं तो रोज ठरवायचा. या वर्षी खुराड्यांची मागणी आहे, छिंगमिंग होऊ दे, मग जातो. छिंगमिंग झाला की भाताची लावणी; लावणीत कुठं टेलच्या माणसांना त्रास द्यायचा? चहाच्या दुकानात आमचा अड्डा त्याला छेडायचा, "लंग, तुझं पाणी कधी सुटणार?" तो हसायचा. एकदा मात्र मला म्हणाला, तिला नुसती क्षमा मागायची नाहीय, एक सांगायचंय. काय, ते बोलला नाही. मीही खोदून विचारलं नाही.

मग पर्यटक आले, तिकीटघर आलं, निळ्या खुर्च्या आल्या. जुनी गाठ बांधणारा माणूस हवा म्हणून लोक तासनला शोधत आले, आणि इतक्या वर्षांनी तो पुन्हा तिकटीवर चढला. त्या दिवशी कुडतीच्या गुंड्या त्यानं दोनदा चुकीच्या लावल्या. पहिल्या प्रवेशाआधी मी लावायचो तशा.

आता त्या सकाळकडे येऊ.

खेळाआधी पर्यटक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. पिवळ्या टोप्या घातलेला एक घोळका आला. खालच्या मैदानातल्या कुठल्याशा तालुक्याची ज्येष्ठ मंडळींची सहल. पुढे झेंडी धरलेली गाइड मुलगी, गळ्यात कर्णा. एकेक म्हातारी येऊन माझ्या दाढीला हात लावत होती, फोटो काढून घेत होती, खिदळत होती. सगळ्यांच्या शेवटी एक बाई आली. तिच्याबरोबर फोटो काढणारं कुणी नव्हतं. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"वेई ना तू?" ती म्हणाली. "दाढी केवढीही लाव, नाक कुठं लपवशील?"

मी रंगमंचावर कधी संवाद विसरलो नाही. तिथे विसरलो. कसाबसा म्हणालो, "याओमेई."

ती म्हणाली, बघ, माझ्याच गावात तिकीट काढून आत आले. म्हाताऱ्यांना अर्धं लागतं. त्यासाठी ओळखपत्र दाखवलं. मी इथली आहे असं सांगितलं तर तिकिटावरची पोरगी म्हणाली, इथली असलात तरी वय दाखवा. हे सांगताना ती हसत होती, पण डोळे नदीकडे लागलेले.

"तो मधल्या तिकटीवरचा, दादा ना?"

मी हो म्हटलं.

"अजून तिथंच बसलाय," ती म्हणाली. मग टोपी काढून हातात घेतली. "त्याला सांग, मी आलेय. खाली उतर म्हणावं. बाबांकडे जाऊन येऊ दोघं. आमची गाडी जेवणाआधी सुटते."

मी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि गोट्यांवरून ठेचकाळत तिकटीपाशी गेलो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदार बांधाची पाहणी करतोय असं त्यांना वाटलं असेल. मी खालून सांगितलं की याओमेई आलीय. तासनच्या तोंडातली चिलीम पडली, करंड्यावर आपटून पाण्यात गेली. कोणती, असं त्यानं विचारलं. पिवळ्या टोप्यांतली ती, कठड्याशी उभी आहे, टोपी काढलेली, असं मी दाखवलं. तो अर्धा उठला. एक पाय खालच्या सोटावरही ठेवला. हात गाठीवरच होता.

मग परत बसला.

"पाणी सुटू दे," म्हणाला. "मग येतो."

मी म्हटलं, तुझ्या जागी कुणालाही बसवू, नदी वरच्या दरवाजानं धरलीय, तुझ्या गाठीनं नाही. त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अभद्र बोललो. "म्होरक्यानं गाठ सोडून उठायचं नसतं," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "किती वेळ लागणार आहे? आत्ता होईल की."

मी परत येऊन तिला निरोप दिला. शब्द बदलले नाहीत. वाटलं, बदलावेत. नटाला ते जड नाही. पण तिनं विचारलंच, "तेच म्हणाला?"

"तेच."

तिनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

एरवी आमचा खेळ वेळेवर सुरू होतो. त्या दिवशी शहरातून कुणी मोठा पाहुणा यायचा होता, तो आल्याशिवाय सुरू करू नका असा निरोप आला. ढोलवाल्यांनी एक ठेका वाजवून संपवला, दुसरा वाजवला. बियांची पुडकी संपली. मी चौथऱ्यावर उभा. तिथून नाटकघराच्या वरच्या सज्जातून दिसावं तसं सगळं दिसतं. तासन तिकटीवर ताठ बसलेला, नजर कठड्याकडे. ती कठड्याला धरून, नजर त्याच्याकडे. दोघांत एवढंसं तुंबलेलं पाणी. त्यानं एकदा हात वर करून थांब अशी खूण केली. तिनं टोपी आणखी खाली ओढली.

मग कर्णा वाजला. पिवळ्या टोप्यांनी गाडीकडे यावं, उशीर झाला तर जेवण थंड होईल. टोप्या उठल्या, एकमेकींना हाका मारत निघाल्या. ती सगळ्यात शेवटपर्यंत उभी होती. गाइड मुलगी परत आली, काहीतरी बोलली, तिचा कोपर धरला. ती वळली.

पाहुणा आला तेव्हा ती पायऱ्या चढून दिसेनाशी झाली होती. मी "पाणी सोडा" म्हणालो. लोक सांगतात, त्या दिवशी माझा आवाज चिरकला. घाव पडले, तिकट्या कोलमडल्या, आणि शेवटची तिकटी पडायच्या आत तासन काठावर होता. धावत होता. पोरं पाण्याबरोबर खाली धावत होती, हा उलटा, वर. मसालेदार डाळीच्या वड्यांच्या गाड्या, सशाच्या मुंडक्यांच्या टपऱ्या, छत्र्या विकणाऱ्या बायका, सगळ्यांना ढकलत गाडीतळापर्यंत गेला. तिथे गाड्यांच्या रांगा, आणि पिवळी टोपी एकही नाही.

परत आला तेव्हा एका पायात वहाण नव्हती. जुन्या काळातला पाटकरी धापा टाकत येतोय म्हणून पर्यटकांनी त्याचे फोटो काढले. एका बाईनं त्याला हसायला सांगितलं. तो हसला.

आठवडाभरात आम्ही तिच्या गावी गेलो. मीच म्हटलं, आता लावणीबिवणी काही ऐकायचं नाही. त्यानं पहिल्या पाण्याची बाटली घेतली आणि तेलकट कागदातले जोडे. बसमध्ये तो पूर्ण वेळ कालव्याकडे बघत होता. रस्ता कालव्याच्या कडेनंच जातो. मधेच म्हणाला, पाणी आपल्याआधी पोचलं.

तिचं घर चांगलं, दुमजली. अंगणात चौकोनी टेबलावर शेजारणी सोंगट्या खेळत होत्या, सून मोहरीचे जून देठ वाळत घालत होती. याओमेईनं आम्हाला पाहिलं आणि "या, बसा" म्हणाली. भावाला अहोजाहो. चहा दिला. शेजारणींपैकी एकीनं विचारलं की हे कोण, ती म्हणाली, माझे दादा. बाई म्हणाली, अगबाई, भाऊ आहे हे कधी बोलली नाहीस. सोंगट्यांचा खडखडाट थांबला आणि सगळ्या कौतुकानं बघायला लागल्या.

तासननं बाटली टेबलावर ठेवली. जरा बाजूला येतेस का, असं विचारलं. तिनं सांगितलं, चुलीवर भात आहे, इथंच बोला.

तो तिथंच बोलला. मला त्याचं बोलणं आजही पाठ आहे, कारण त्यात एकही शब्द नाटकी नव्हता.

"बाबा रोज विचारायचे, याओमेईला निरोप गेला का. मी म्हणायचो, गेला. मग म्हणायचे, अजून कशी आली नाही. शेवटच्या दिवशी म्हणाले, चूल विझू देऊ नकोस, ती गारठून येईल. मी निरोप पाठवलाच नव्हता. दांडा लागला नव्हता ना. त्यांना रीत नको होती, तू हवी होतीस. रीत मी धरून बसलो."

याओमेईनं टेबलावरची बाटली जवळ ओढली. मग विचारलं, "आणि दांडा लागल्यावर?"

"मग भीती वाटली. म्हटलं, पाणी सुटेपर्यंत जाऊ दे."

सुनेच्या हातातले देठ खाली पडले होते. याओमेईनं ते उचलून टोपलीत ठेवले. तिचा आवाज शांत होता. इतका शांत की मला तिच्या रडण्याची वाट बघावीशी वाटली.

"हे त्या दिवशी नदीवर सांगायचं होतंस," ती म्हणाली. अहोजाहो गेलं होतं. "मी तिथं रडायला म्हणून तिकीट काढून आले होते, दादा. बाबांपाशी बसून एकदा मोकळं रडायचं, तुझ्याशी भांडायचं, आणि संपवायचं. इथं सून आहे, शेजारणी आहेत. इथं मी कशी रडू?"

मग उठून तिनं जेवण वाढलं. धुरावलेलं मांस लसणाच्या पातीत परतलेलं, मोहरीचं लोणचं, पांढरा भात. तासनची वाटी रिकामी व्हायच्या आत ती भरत होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. जेवण झाल्यावर तिनं कागद सोडला, जोडा हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. टाके अजून घट्ट होते. म्हणाली, तुझंही माप हेच, वापरायचे होतेस. त्यानं मान हलवली. जोडे तिनं ठेवून घेतले. बाटलीही. पण बसपर्यंत पोचवायला आली नाही, सुनेला पाठवलं.

परतताना तो मला म्हणाला की सांगून झालं. मी म्हटलं, हो. तो पुन्हा तिकटीवर बसला नाही. गाठ बांधून द्यायचा, आणि खेळ सुरू व्हायच्या आत घरी निघून जायचा. दुसरा कुणी त्याची कुडती घालून वर बसायचा. प्रेक्षकांना फरक कळत नसे.

त्याच हिवाळ्यात त्याची छाती धरली. बापासारखीच. डॉक्टरांनी केलं ते केलं आणि घरी न्या म्हणाले. मी सकाळी पेज घेऊन जायचो, त्याच्या पायाशी शेगडी ठेवायचो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो. खिडकीतून मशिनींची घरघर ऐकू यायची. फाटा त्या वर्षी बंद केला होता, गाळ काढायचं काम चालू होतं. आता कुदळी नाहीत, लोखंडी पंजे आहेत. एका सकाळी पेज दोन चमचेच घेतली आणि विचारलं, दांडा लागला का. मी सांगितलं, अजून नाही, चाललंय. तो खिडकीकडे बघत राहिला. मग मी विचारलं, याओमेईला कळवू का? त्यानं उत्तर दिलं. मी लगेच फोन केला, सुनेनं उचलला. दुपार व्हायच्या आत तो गेला होता, आणि मी पुन्हा फोन केला तेव्हा त्या दोघी वाटेवर होत्या.

ती आली ती डोक्याला पांढरं फडकं बांधून. वाटेत कुठल्या तरी बसतळावर विकत घेतलं असावं. घडी तशीच होती. दांडा लागायच्या आधी आमच्या गल्लीत पांढरं फडकं आलेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं. म्हातारी माणसं दारात आली, एकमेकांकडे बघत राहिली, पण कुणी तिला अडवलं नाही. तिनं पिशवीतून जोडे काढले आणि भावाच्या पायात घातले. ते नेमके बसले. मग नदीवर गेली, कठड्याशी उभी राहिली आणि मोठ्यानं रडली. इतक्या मोठ्यानं की खाली पात्रात मशिन चालवणाऱ्यांनी मशिनी बंद केल्या आणि वर बघत राहिले. नदीनं काही ओढून नेलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधी आम्ही घराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. तिनं मला विचारलं, दादा शेवटी काय म्हणाला.

मी नट माणूस. मरणाचे प्रवेश पुष्कळ केले. शेवटचं वाक्य लांबवायची, त्याला वळण द्यायची माझी सवय. त्या वाक्यातला एकही शब्द मी हलवला नाही. खिडकीकडे बघत तो जसं म्हणाला होता तसंच तिला सांगितलं:

"आत्ताच कळव. पाणी सुटायची वाट बघू नको."